काचेतल्या पाणबागेची पावणेदोनशे वर्षे

पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यपेटीचा, हौशी मंडळींच्या भाषेत ‘प्लांटेड टँक’चा, उगम शोभेच्या वस्तूंमध्ये नाही, तो रसायनशास्त्रात आहे. मासे पाळण्याची हौस तशी फार जुनी. चीनमध्ये सोंग राजवटीपासून सोनेरी मासे वाढवले जात. पण ते तळ्यांत किंवा मोठ्या कुंड्यांत, वरून पाहण्यासाठी. अठराव्या शतकात हेच मासे युरोपातल्या दिवाणखान्यांत काचेच्या गोल भांड्यांत आले आणि त्यांचे हाल सुरू झाले. भांड्यातले पाणी सतत बदलत राहावे लागे. हयगय झाली की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागत आणि थोड्याच वेळात मरत. पाणी न बदलता मासा जगेल कसा, या प्रश्नाचे उत्तर पाणवनस्पतीत सापडले. मात्र ती वनस्पती टाकीत नेमके काय काम करते, याविषयीची समजूत पुढे अनेकदा बदलली आणि समजुतीबरोबर टाकीही बदलत गेली. आज पहिली टाकी मांडणाऱ्याला जे नियम सांगितले जातात, ते या बदलांतूनच एकेक करून आलेले आहेत.

सुरुवात हवेच्या अभ्यासापासून झाली. इंग्लंडमधल्या लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकाने ऑगस्ट 1771 मध्ये मेणबत्ती विझून गेलेल्या बंदिस्त हवेत पुदिन्याची एक काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. वनस्पती हवा ‘सुधारते’ हे त्यावरून दिसले, पण ती केव्हा आणि कशी सुधारते हे कळले नव्हते. ते काम यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरने केले. 1779 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवलेली होती. पानांवर बुडबुडे धरत. भांडे अंधारात नेले की ते थांबत. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये हायड्रिलाच्या फांद्यांवर काचेचे नरसाळे पालथे घालून, त्यावर परीक्षानळी उपडी ठेवून जो प्रयोग दाखवतात, तो मुळात इंगेनहाउझचाच. नळीत साठलेल्या वायूत धुमसती काडी धरली की ती पेट घेते. प्लांटेड टँकचे सारे तर्कशास्त्र पहिली कित्येक दशके या एका निरीक्षणावर उभे होते: मासा हवा बिघडवतो, वनस्पती ती सुधारते.

दुसरा धागा काचेच्या पेटीचा. लंडनच्या पूर्व भागात राहणारा डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड नेचे लावण्याचा नाद करी. पण शहराच्या धुरात ती टिकत नसत. 1829 मध्ये त्याने पतंगाचा कोश जपण्यासाठी बंद बाटलीत ओली माती घालून ठेवली. त्या मातीत न लावता एक नेचे आणि थोडे गवत उगवले आणि वाढत राहिले. त्यातून बंदिस्त काचेची ‘वॉर्डची पेटी’ जन्मली. वनस्पतींच्या व्यापाराचा नकाशाच तिने बदलून टाकला. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने चीनमधून हिमालयाच्या पायथ्याकडे चहाची रोपे आणली ती याच पेट्यांतून. वॉर्डने पाण्याच्या टाकीत वनस्पती आणि मासे एकत्र ठेवण्याचेही प्रयोग केले होते. याच सुमारास ॲना थिन या लंडनमधल्या बाईंनी समुद्रातली प्रवाळे घरात जिवंत ठेवली होती. प्रवाळांच्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून थिनबाईंची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही. वनस्पतीने कुणाचे कष्ट वाचवले, ते यावरून दिसते.

खऱ्या अर्थाने पहिली नोंदलेली प्लांटेड टाकी रॉबर्ट वॉरिंग्टनची. वॉरिंग्टन लंडनच्या ॲपोथिकरीज हॉलमध्ये रसायनतज्ज्ञ होता आणि 1841 मध्ये स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होता. 1849 मध्ये त्याने बारा गॅलनचे, म्हणजे सुमारे 54 लिटरचे काचेचे भांडे घेतले आणि ते झऱ्याच्या साध्या पाण्याने अर्धे भरले. तळाशी वाळू आणि चिखल घातला, माशांना आडोसा मिळावा असे दगड रचले. व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिसचे एक लहान रोप चिखलात लावले आणि ते उपटून वर येऊ नये म्हणून मुळांवर एक सुटा दगड ठेवला. मग दोन लहान सोनेरी मासे सोडले.

काही दिवस सगळे ठीक चालले. मग रोपाची जुनी पाने पिवळी पडून सडू लागली, पाणी गढुळले, काचेवर आणि दगडांवर हिरवा बुळबुळीत थर चढला. नव्या टाकीत आजही पहिल्या महिन्यात हेच घडते आणि पुष्कळ जण इथेच कंटाळून टाकी आवरून ठेवतात. वॉरिंग्टनने टाकी रिकामी केली नाही. तळ्यात सडक्या पानांचे काय होते, याचा त्याने विचार केला आणि तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी सडकी पाने आणि हिरवा थर खाऊन टाकला. त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. व्हॅलिस्नेरियाने आडवे धुमारे फेकून नवी रोपे काढली. 1850 च्या मार्चमध्ये त्याने हा वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढे वाचला. प्राणी, वनस्पती आणि सडलेले खाणारा तिसरा जीव असा समतोल त्याने मांडला होता. निबंधाच्या मथळ्यात मासे नव्हते. प्राणी आणि वनस्पती या दोन सृष्टींमधल्या संबंधांची जुळवणी हा त्याचा विषय होता. घरात ठेवायच्या शोभेच्या वस्तूचा मूळ दस्तऐवज इतका गंभीर असावा, ही या छंदाची मोठी भाग्याची गोष्ट आहे.

निवडलेली वनस्पतीही अचूक होती. व्हॅलिस्नेरिया आयुष्यभर पाण्याखाली राहते. रिबिनीसारखी लांब पाने, वाळूखालून सरपटत जाणारी खोडे आणि थोड्या थोड्या अंतरावर उठणारी पिल्ले, असा तिचा विस्तार. तिची मादी फुले लांब, गुंडाळी घेणाऱ्या देठावर पृष्ठभागापर्यंत येतात. नर फुले तळाशीच तुटून सुटी होतात, वर तरंगत येतात आणि वाऱ्याने मादी फुलाला जाऊन चिकटतात. लावताना मुळे वाळूत आणि पाने जिथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर, एवढे सांभाळले की ती सहसा दगा देत नाही. नवशिक्याला आजही पहिले रोप म्हणून तीच सुचवतात.

काचेवरचा अबकारी कर इंग्लंडमध्ये 1845 मध्ये रद्द झाला होता आणि काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय घराघरांत टाक्यांचे वेड शिरले. शर्ली हिबर्डसारखे बागकामाचे लेखक घरसजावटीच्या पुस्तकांतून टाकी कशी मांडावी ते सांगू लागले. ओतीव लोखंडाची चौकट, पाटीच्या दगडाचा तळ आणि लांबी भरून बसवलेल्या काचा अशी ती टाकी असे. उचलायला चार माणसे लागावीत इतकी जड. वेड लवकर ओसरले. लोकांनी वॉरिंग्टनच्या दोन माशांऐवजी दहा-वीस मासे कोंबले, खाणे भरपूर घातले, टाकी थेट उन्हात ठेवली. पाणी हिरवे झाले, मासे मेले. समतोलाची कल्पना लोकप्रिय झाली, त्यातला मोजमापाचा भाग मात्र मागे पडला.

गोड्या पाण्याची टाकी जगवली ती जर्मनांनी. समुद्रापासून दूर असलेल्या शहरांत खारे पाणी मिळवणे अवघड, तळी मात्र जवळच. लाइपझिगचा एमिल आडोल्फ रॉसमेसलर हा निसर्गाभ्यासक 1848 च्या फ्रांकफुर्ट संसदेचा सभासद होता; क्रांती फसल्यावर त्याची प्राध्यापकी गेली आणि तो सामान्य वाचकांसाठी लिहू लागला. 1856 मध्ये ‘दी गार्टनलाउबे’ या खपाच्या साप्ताहिकात त्याने काचेतल्या सरोवरावर लेख लिहिला आणि पुढच्या वर्षी गोड्या पाण्याच्या टाकीवर स्वतंत्र पुस्तक. कारागीर, शिक्षक, विद्यार्थी यांनी ते वाचून टाक्या मांडल्या. त्याच्या दृष्टीने टाकी ही निसर्ग शिकण्याची शाळा होती, आणि ती दृष्टी जर्मन छंदात रुजली. 1888 मध्ये बर्लिनमध्ये ‘ट्रिटन’ हे मंडळ निघाले. मंडळे, मासिके, रोपांची देवाणघेवाण असे जाळे तयार झाले. तोपर्यंत पॅरिसच्या पिएर कार्बोनिएने 1869 मध्ये पॅराडाइज फिशची वीण साधली होती. उष्ण प्रदेशांतले मासे मागोमाग आले आणि त्यांच्याबरोबर आशियातल्या ओढ्या-पाणथळींतल्या वनस्पतीही.

याच काळात टाकीचे खरे रहस्य दुसरीकडे उलगडत होते, आणि ते उलगडणाऱ्यांत वॉरिंग्टनचा मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्ट. वडिलांनी गोगलगायी टाकीत सोडल्या तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात त्याने अनेक वर्षे मातीतल्या नायट्रोजनचा अभ्यास केला. अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया सजीव घडवतात आणि ती दोन टप्प्यांत होते: आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. दोन्ही टप्प्यांचे सूक्ष्मजीव वेगवेगळे असल्याचेही त्याच्या प्रयोगांतून दिसले. मात्र ते त्याला वेगळे काढता आले नाहीत. ते 1890 मध्ये झुरिकमध्ये सर्गेई विनोग्रॅड्स्कीला जमले. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो विषारी असतो. वडिलांच्या टाकीतला चिखल त्याचा बंदोबस्त करत होता, हे आता मागे वळून पाहता स्पष्ट दिसते. एकाच घरातल्या दोन पिढ्यांनी एकाच कोड्याची दोन टोके धरली होती. तरीही शेतीचे हे ज्ञान हौशी मत्स्यपालकांपर्यंत पोचायला पुढे अर्धे शतक गेले. टाकीतले सूक्ष्मजीव कोणते, हा प्रश्न तर त्याहूनही लांबला. नायट्राइटचा दुसरा टप्पा गोड्या पाण्याच्या टाकीत प्रामुख्याने नायट्रोस्पायरासारखे जिवाणू पार पाडतात, हे 1998 मध्ये अमेरिकेत झालेल्या संशोधनातून पुढे आले. नवी टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासे सोडू नयेत किंवा अगदी मोजके सोडावेत, हा नियम या दोन टप्प्यांच्या ज्ञानातून आला. ज्याला ‘सायकलिंग’ म्हणतात ते या जिवाणूंची वस्ती होण्याची वाट पाहणे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर वनस्पतीची पत घसरली. न्यूयॉर्क ॲक्वेरियमच्या जेम्स ॲट्झ यांनी 1949 मध्ये ‘समतोल टाकी’ हा भ्रम असल्याचे मांडले. पाण्यातला प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागातून हवेतून येतो; कर्बवायूही तिथूनच निघून जातो; रात्री तर वनस्पती स्वतःच प्राणवायू वापरते. मुद्दा बरोबर होता. विजेचा हवापंप आणि गाळणयंत्र आल्यावर माशाला वनस्पतीची गरज उरली नाही. पुष्कळ घरांतल्या टाक्यांत रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे आणि बुडबुडे सोडणारी खेळणी आली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले ते याच काळात. क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांतून टाकी घेऊन जाणाऱ्या कित्येक घरांना हीच पद्धत ओळखीची झाली. वनस्पती हवेसाठी नको, मग ती कशासाठी, याचे उत्तर नेदरलँड्सने दिले: बागेसाठी.

डच मंडळींनी टाकी बागेसारखी लावली. प्रत्येक जातीचा स्वतंत्र जुडगा, शेजारच्या जुडग्याशी रंगात आणि पानाच्या आकारात फरक, पुढे बुटकी, मागे उंच, आणि तळाला पायऱ्या. एकाच जातीची रोपे पुढून मागे चढत्या उंचीने ओळीत लावली की टाकी आहे त्यापेक्षा खोल भासते. या रचनेला ‘लायडन रस्ता’ म्हणतात आणि त्यासाठी लोबेलिया किंवा सॉरुरस वापरतात. दर आठवड्याला शेंडे खुडून ही उतरण राखावी लागते. दोन आठवडे हात लावला नाही तर ओळ मोडते. ट्यूबलाइटमुळे हे शक्य झाले, कारण खिडकीच्या उजेडावर इतक्या जातींची दाटी पोसत नाही. डच मत्स्यपालकांच्या संघटनेच्या स्पर्धेत परीक्षक स्पर्धकाच्या घरी जातात. रचनेबरोबर पाण्याची आणि माशांच्या प्रकृतीचीही तपासणी होते. छायाचित्रावर निकाल न लावता घरातल्या चालत्या टाकीवर लावायचा, ही पद्धत आजच्या स्पर्धांपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

यानंतरचा टप्पा कर्बवायूचा. पाण्यात वायू हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो आणि हवेशी तोल साधलेल्या पाण्यात कर्बवायू लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. उजेड वाढवला, खत घातले, तरी रोप उपाशीच राहते. जर्मनीत कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर यांनी थायलंडमधल्या क्रिप्टोकोरिन ही पाणवनस्पती वाढणाऱ्या ओढ्यांचे पाणी जाऊन तपासले आणि 1980 च्या दशकात त्यावर आधारलेली पद्धत पुस्तकरूपाने मांडली: सिलिंडरमधून कर्बवायू, लोहाचे खत आणि तळाला ऊब देणारी तार. पुष्कळशा ‘पाणवनस्पती’ खरे तर काठावरच्या दलदलीतल्या असतात, हेही याच सुमारास नीट ध्यानात घेतले जाऊ लागले. रोपवाटिकेत त्या पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. टाकीत बुडवल्यावर जुनी पाने गळून विरघळतात आणि पाण्यातली नवी, वेगळ्या घडणीची पाने येतात. क्रिप्टोकोरिन तर दोन-चार दिवसांत सगळी पाने टाकून बसते. रोप मेले असे समजून ते उपटणारे नवशिके अजूनही असतात; मुळे धड असतील तर काही आठवड्यांत मधून नवे पान वर येते.

हे सारे तंत्र एका दृष्टीत गुंफणारा माणूस जपानचा होता. निगाता प्रांतात 1954 मध्ये जन्मलेले ताकाशी अमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होते, मग छायाचित्रकार झाले. 1982 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 1992 मध्ये ‘नेचर ॲक्वेरियम वर्ल्ड’ हे छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. डच टाकीतले जुडगे त्यांनी मोडले. जपानी बागेतल्या शिळारचनेप्रमाणे विषम संख्येने दगड मांडायचे, त्यांतला एक प्रमुख, बाकीचे त्याच्याकडे कललेले, आणि भोवती ग्लॉसोस्टिग्मासारख्या बुटक्या रोपांचे कुरण. रिचिया ही खरे तर पाण्यावर तरंगणारी वनस्पती; अमानोंनी ती दोऱ्याने दगडांना बांधून तळाशी बसवली. कर्बवायू भरपूर मिळाला की तिच्या प्रत्येक टोकावर प्राणवायूचा मोती धरतो आणि अख्खा दगड चमकू लागतो. इंगेनहाउझने भांड्यात मोजलेले बुडबुडे इथे सौंदर्य म्हणून आले. शेवाळावर त्यांचा उपाय होता कॅरिडिना मल्टिडेंटाटा ही लहान कोळंबी, जिला आता जगभर ‘अमानो श्रिंप’ म्हणतात. 2001 पासून त्यांच्या कंपनीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. लिस्बनच्या मत्स्यालयातली 40 मीटर लांबीची टाकी हे त्यांचे शेवटचे मोठे काम. ती 2015 मध्ये खुली झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमानो वारले. त्यांच्या प्रभावाने एक तोटाही झाला. सिलिंडर, महागडी माती आणि तीव्र दिवे यांशिवाय प्लांटेड टँक होतच नाही, असा समज पसरला.

तो समज डायना वॉलस्टाड या अमेरिकी अभ्यासिकेने 1999 मधल्या पुस्तकात खोडला. वाळूच्या थराखाली साधी बागेची माती, खिडकीचा किंवा बेताचा उजेड, भरपूर झपाट्याने वाढणारी रोपे आणि थोडे मासे, एवढ्यावर टाकी वर्षानुवर्षे चालते. मातीतले सेंद्रिय कुजताना कर्बवायू देते. अनेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियम उचलतात, त्यामुळे रोपे स्वतःच पाणी निवळ ठेवतात. 1849 चे भांडे का चालले, याचा खुलासा दीडशे वर्षांनी असा झाला. वॉरिंग्टनने श्रेय दिले होते ते हवा सुधारण्याला. चिखल, मुळे आणि जिवाणू मिळून अमोनिया पचवत होते, ते काम त्याच्या हिशेबात नव्हते. आज सुरुवात करणाऱ्याला माशांआधी रोपे, आणि पहिल्याच दिवशी दाट रोपे लावायला सांगतात, ते याच कारणाने.

पाणवनस्पतींच्या व्यापारात सह्याद्रीचाही वाटा आहे. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस पश्चिम घाटाच्या ओढ्याकाठी वाढतात. लालभडक रोटाला मॅक्रँड्रा दक्षिण भारतातली. नीरब्राह्मी बाकोपा म्हणून जगभर विकली जाते. कास पठाराच्या परिसरातला वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, मात्र टाकीत रमणारा नाही. तो पावसाळी डबक्यांत फुलतो आणि उरलेले वर्ष कंदरूपाने काढतो. टाकीतून मोकळ्या पाण्यात, असा उलट दिशेचा प्रवास जास्त त्रासदायक ठरला. हायड्रिला 1950 च्या दशकात टाक्यांसाठी श्रीलंकेतून फ्लोरिडात गेली, तिथल्या कालव्यांत सुटली आणि नद्या-तलाव भरून गेले. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळापांडीचा ओढा 2020 मध्ये गुलाबी फुलांनी भरला तेव्हा लोक पाहायला लोटले. ती फुले दक्षिण अमेरिकेतल्या कॅबोम्बा फरकाटाची होती आणि ही वनस्पती भारतात पसरली ती टाक्यांच्या व्यापारातून. या जातीला पसरायला तुटलेल्या खोडाचा एक तुकडा पुरतो. त्यामुळे छाटणीचा पाला गटारात किंवा ओढ्यात न टाकता उन्हात वाळवून मग मातीत पुरण्याचा प्रघात आता जाणत्या मंडळींत पडला आहे, आणि रोपेही प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने वाढवलेली, जेलीच्या बंद डब्यांतली, अधिक विकली जाऊ लागली आहेत.